कामाची हद्द कोठपर्यंत?

पहाटेची वेळ आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत एकेका खोलीतला दिवा लागतो, चहा उकळतो, डबा भरला जातो आणि पाळीवर जाणारी माणसे गल्लीतून बाहेर पडतात. कोणी कंपनीच्या बससाठी काळेवाडी फाट्याकडे चालत जातो, कोणी मोटारसायकलला किक मारतो, कोणी दोघे-तिघे मिळून रिक्षा करतात. कोणाला चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीत जायचे असते, कोणाला भोसरीला, तर कोणाला नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून थेट चाकणला.

पूर्वी रहाटणी हे शेतकऱ्यांचे गाव होते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, पुढे एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि हे गाव शहरात मिसळून गेले. आज तिथल्या खोल्यांतून लातूर, बीड, धाराशिव, नांदेड, बुलढाणा अशा कितीतरी जिल्ह्यांतली माणसे राहतात. म्हणजे आज मी बोलणार आहे ती गोष्ट जितकी रहाटणीची, तितकीच तुमच्या गावाचीही आहे. कारण पाळीवर जाणाऱ्या माणसाचे घर बहुधा गावाकडेच असते, आणि काही वाईट घडले तर निरोपही गावाकडेच येतो.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एक कामगार पाळी गाठण्यासाठी घरून निघाला. फाटक अजून तीन-चार मैल दूर होते. मागून डंपर आला आणि माणूस गेला. दहावे-तेरावे झाल्यावर त्याची बायको ठेकेदाराकडे गेली. ठेकेदार म्हणाला, "ताई, गेटच्या आत काही झालं असतं तर आम्ही बघितलं असतं. रस्त्यावर झालं, त्याला आम्ही काय करणार?" ती म्हणाली, "अहो साहेब, ते काय फिरायला निघाले होते का? तुमच्याच पाळीला निघाले होते ना?"

दोघांचेही म्हणणे ऐकणाऱ्याला पटण्यासारखे वाटते. पण कायद्याच्या नजरेत खरे कोणाचे? कामाची हद्द फाटकापाशी सुरू होते, की उंबरठ्यापाशी? या एका प्रश्नावर आपल्या देशातली न्यायालये साठ-पासष्ट वर्षे विचार करीत आली. त्याची हकिकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

आधी मूळ तत्त्व पाहू. कायदा होण्यापूर्वी कारखान्यात कामगाराचा हात तुटला, तर चूक मालकाची होती हे त्याला स्वतः सिद्ध करावे लागे. गरीब माणसाला ते कसे जमावे? मग जर्मनीत १८८४ साली आणि इंग्लंडात १८९७ साली नवा विचार कायद्यात आला. यंत्राचा सुटा भाग मोडला तर त्याचा खर्च मालक मालाच्या किमतीत धरतो. मग त्याच यंत्रावर माणूस जायबंदी झाला, तर तो खर्च त्याच्या बायकामुलांनीच का सोसावा? हा खर्चही धंद्याचाच आहे. तेव्हा चूक कोणाची हे न विचारता भरपाई द्यावी. आपल्याकडे हा विचार कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३, याच्या रूपाने आला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. २०१० पासून त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, अमलात आली आणि हा विषय आता त्या संहितेत गेला आहे. नाव बदलले, दप्तर बदलले. मूळ तत्त्व तेच राहिले.

या हक्काला एक मोठी अट मात्र पहिल्यापासून आहे. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात घडलेला असला पाहिजे. शब्द थोडे आहेत, पण सगळे भांडण याच शब्दांवर. "नोकरीच्या ओघात" याचा अर्थ वेळ आणि जागा कामाची असावी. "नोकरीमुळे" याचा अर्थ अपघाताचे कारण कामाशी जोडलेले असावे. दोन्ही गोष्टी हव्यात. समजा, गावाकडच्या जुन्या वैरातून कोणी कारखान्यात शिरून एखाद्याला भोसकले. वेळ कामाची होती, जागाही कामाची होती. पण कारण घरचे होते. अशा दाव्यात अडचण येते. उलट प्रेसवर बोट सापडले, तर दोन्ही गोष्टी उघड आहेत. खरा पेच पडतो तो सीमेवरच्या प्रसंगांत. त्यांतले काही निवडक पाहू.

पहिला प्रसंग पोरबंदरजवळचा, १९५२ सालचा. तिथल्या मिठागराचे कामगार काम संपवून घरी परतत होते. वाटेत खाडी होती आणि ती होडीने ओलांडावी लागे. त्या दिवशी हवा वाईट होती आणि होडीत माणसे जास्त झाली होती. होडी उलटली, काही कामगार बुडाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५८ साली न्यायालय म्हणाले की, कामाची हद्द फाटकाच्या थोडी बाहेर वाढवून मानता येते, वेळेच्याही थोडी पुढेमागे मानता येते. पण ही होडी सर्वांसाठी होती. कामगार तीत बसला तो इतर कोणाही उतारूप्रमाणेच बसला. म्हणून भरपाई मिळाली नाही. निकाल विधवांच्या विरुद्ध गेला खरा, पण त्यातून एक तत्त्व पक्के झाले. हद्द भिंतीला चिकटलेली नाही, ती वाढवून मानता येते. जमिनीच्या व्यवहारात आपण "मानीव" हा शब्द वापरतो, तशी ही मानीव हद्द म्हणा ना!

दुसरा प्रसंग मुंबईचा, १९५७ सालचा. बेस्टच्या बसचा एक ड्रायव्हर जोगेश्वरीच्या आगारात गाडी लावून सांताक्रूझला घरी निघाला. जाताना तो बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. ती बस रस्त्यात उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली, ड्रायव्हर बाहेर फेकला गेला आणि काही दिवसांनी वारला. पाळी तर संपली होती. मग हा अपघात कामाचा कसा? १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की, हा कामाच्याच ओघातला. एवढ्या मोठ्या शहरात ड्रायव्हर-कंडक्टर वेळेवर हजर राहावेत, थकून न जाता यावेत, म्हणून बेस्टने त्यांना आपल्या बसमधून फुकट प्रवासाची सोय दिली होती. ती सोय त्यांच्या चैनीसाठी नव्हती, कामाच्या सोयीसाठी होती. म्हणून त्या बसमधला प्रवास हा नोकरीचाच भाग ठरला.

मिठागराची होडी आणि बेस्टची बस, दोन्ही वाहनेच. फरक कोठे पडला ते पाहा. होडी सगळ्यांची होती. बसमधली सोय नोकरीमुळे मिळाली होती. म्हणूनच आजही कंपनीच्या बसने जाणाऱ्या कामगाराची बाजू अधिक भक्कम असते.

तिसरा प्रसंग समुद्रावरचा आहे आणि तो जरा चटका लावणारा आहे. १९६१ च्या डिसेंबरात "द्वारका" नावाच्या बोटीवरचा एक खलाशी रात्रीतून नाहीसा झाला. आदल्या दिवशी त्याने छातीत दुखत असल्याचे सांगितले होते. रात्री कोणी त्याला डेकवर पाहिले होते. सकाळी तो बोटीवर नव्हता. बोट भर समुद्रात होती आणि तो नोकरीवरच होता. पण तो पडला, त्याला कोणी ढकलले, की त्याने स्वतः उडी घेतली? साक्षीदार कोणी नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली होती. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती नामंजूर केली. न्यायालयाचे म्हणणे असे की, डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसला तरी चालेल, आजूबाजूच्या गोष्टींवरून अनुमान काढता येते. पण अनुमान काढायला काही आधार तर हवा. या प्रकरणात तो आधार मिळाला नाही. हा निकाल मी मुद्दाम सांगितला. पुराव्याचा धागा तुटला की दावा बुडतो, हे त्यावरून ध्यानात येते.

चौथा प्रश्न हृदयविकाराचा. माणूस कामावर असताना छातीत कळ येऊन गेला, तर तो अपघात म्हणावयाचा की आजार? मुंबई बंदरावरच्या एका पहारेकऱ्याला हृदयाचा विकार होता. रात्रपाळीत त्याच्या छातीत दुखू लागले आणि तो वारला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे हे प्रकरण आले. विकार आधीचा असला, तरी कामाच्या श्रमाने मृत्यू लवकर ओढवला असेल तर भरपाई द्यावी लागेल, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिला. तो १९५४ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. पुढे २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गाडीवरच्या एका तरुण क्लीनरचे प्रकरण आले. प्रवासातच तो हृदयविकाराने गेला होता. कामाच्या ताणाचा पुरावा पुढे आला नव्हता. केवळ कामावर असताना मृत्यू आला एवढे पुरे नाही, कामाचा ताण आणि मृत्यू यांचा संबंध दाखवला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. २०१२ साली मात्र दिल्लीहून निघून अकराशे किलोमीटरहून अधिक ट्रक चालवत गेलेला ड्रायव्हर वाटेत गाडी बाजूला लावून कोसळला, तेव्हा त्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली. इतका लांब पल्ला, सततची ड्रायव्हिंग, यांतच संबंध स्पष्ट होता.

आता पुन्हा रस्त्यावरच्या आपल्या प्रश्नाकडे येऊ. केरळातला एक कामगार १९७१ साली सायकलने पाळीला निघाला होता. पाळी साडेचारची. सव्वाचार वाजता, कारखाना एक किलोमीटरवर असताना, त्याला लॉरीने धडक दिली. त्याच्या खांद्याजवळचे हाड मोडले. तो कामगार राज्य विम्याचा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्याचा, सभासद होता. पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही नोकरीतली इजा नव्हे. नोकरी कारखान्यात पोहोचल्यावर सुरू होते. म्हणजे ठेकेदाराचे म्हणणे त्या वेळी खरे ठरले होते.

परंतु गोष्ट तिथे थांबली नाही. संसदेने २०१० साली ईएसआयच्या कायद्यात नवे कलम घातले. घरून कामावर जाताना किंवा काम आटोपून घरी येताना अपघात झाला, तर तो नोकरीतलाच मानावा. मात्र परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे, असे ते कलम म्हणते. पण हे झाले विमा उतरवलेल्या कामगारांपुरते. ज्यांना ईएसआय लागू नाही, ज्यांना १९२३ च्या कायद्याचाच आधार, त्यांचे काय?

त्याचे उत्तर आपल्या धाराशिव जिल्ह्यातून आले. एका साखर कारखान्याचा पहारेकरी. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ रोजी तो मोटारसायकलवरून कामाला निघाला. कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात त्याचा मृत्यू झाला. मागे पत्नी, मुले आणि आई. त्यांनी दावा केला. धाराशिव म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला भरपाईचे आयुक्त म्हणून दिवाणी न्यायाधीश काम पाहत. त्यांनी २००९ साली ३,२६,१४० रुपये आणि वर्षाला १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनीने अपील केले. २०११ साली उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. कारण तेच: अपघात रस्त्यावर झाला, कारखान्यात नव्हे. त्या बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २९ जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती मनोज मिश्र आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी निकाल दिला. ईएसआयच्या कायद्यात जे २०१० साली स्पष्ट केले तेच १९२३ च्या कायद्यातल्या शब्दांनाही लागू पडते, आणि ते स्पष्टीकरण असल्यामुळे आधीच्या अपघातांनाही लागू पडते, असे त्यांनी ठरवले. पहारेकऱ्याची वेळ पहाटेची, तो निघालेला कामावरच, वाट कारखान्याचीच. संबंध स्वच्छ दिसत होता. आयुक्तांचा निकाल पुन्हा कायम झाला.

श्रोतेहो, हिशेब करा. अपघात २००३ चा, शेवटचा निकाल २०२५ चा. बावीस वर्षे! बाप गेला तेव्हाची लहान मुले या काळात मोठी होतात, कामालाही लागतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि बावीस वर्षांचा आकडा ऐकून कोणाच्याही तोंडी ती येईल. पण त्या बाईंनी पायरी सोडली नाही, म्हणून आज रहाटणीतल्या, चाकणमधल्या, कोठल्याही कामगाराच्या घरच्यांना तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडावे लागणार नाही. नव्या संहितेत तर जाण्यायेण्याच्या वाटेचा उल्लेख स्पष्टच केलेला आहे.

मग आता ठेकेदाराला काय उत्तर द्यावयाचे? एवढेच की, "साहेब, पाळीला निघालेला माणूस कायद्याच्या नजरेत कामावरच असू शकतो." "असतोच" असे मात्र म्हणता येणार नाही. कारण तो संबंधाचा धागा दाखवण्याची जबाबदारी आपलीच आहे. पाळी कितीची होती? माणूस किती वाजता निघाला? अपघात नेहमीच्या वाटेवर झाला, की तो पाहुण्यांकडे वळला होता? ही तीन उत्तरे कागदावर असली तर दावा उभा राहतो.

आता फाटकाच्या आतल्या काही गोष्टी, कारण त्यांबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत.

"चूक त्याचीच होती, त्यानंच हात घातला," असे प्रेसवर बोट गेलेल्या कामगाराबद्दल हमखास ऐकू येते. नुसत्या निष्काळजीपणामुळे हक्क बुडत नाही. दारूच्या अमलामुळे अपघात झाला, सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राचे संरक्षक कवच जाणूनबुजून काढले, तरच मालक नाही म्हणू शकतो. आणि १९२३ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पुरता निकामी झाला असेल, तर ही सबबही चालत नाही.

"तो आमचा माणूस नव्हे, कॉन्ट्रॅक्टरचा," हे दुसरे उत्तर. काम कंपनीच्या धंद्याचे असेल, तर कंपनीकडे भरपाई मागता येते. कंपनीने मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार पळून गेला म्हणून हक्क पळून जात नाही.

"त्याने कागदावर सही करून दिली आहे," हे तिसरे. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याला मान्य नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाईची रक्कम मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात द्यावयाची नसते. ती अधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते, म्हणजे तिची वाटणी नीट होते आणि विधवेच्या हातून कोणी ती काढून घेत नाही.

आता बोट किंवा हात गेल्यावर रक्कम कशी ठरते? कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाची टक्केवारी दिलेली आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरतात; अंगठ्याजवळचे बोट पूर्ण गेले तर १४, मधले बोट १२. पण हा तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ओडिशात १९६८ साली सिनेमागृहात नक्षीकाम करणारा एक सुतार पडला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. तक्त्याप्रमाणे नुकसान शंभर टक्के नव्हते. पण एका हाताने सुतारकाम कसे करावे? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली मान्य केले की, सुतार म्हणून त्याची कमाई पूर्ण गेली, म्हणून नुकसान शंभर टक्के धरावे. तेव्हा डॉक्टरांच्या दाखल्यावर टक्के किती, एवढेच पाहू नका. हा माणूस आपले काम आता करू शकतो का, तेही लेखी घ्या.

रकमेचे एक उदाहरण देतो. शिक्षक मंडळींनी ते फळ्यावर मांडून पाहावे. १९२३ च्या कायद्याखाली मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घेत आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणीत. तिसाव्या वर्षी तो आकडा २०७.९८. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरावेत, असे जानेवारी २०२० मध्ये ठरले. समजा, २०२४ साली तीस वर्षांचा, अठरा हजार पगाराचा कामगार गेला. पंधरा हजारांचे निम्मे ७,५००, गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. आणि त्याच कामगाराचा केवळ अंगठा गेला असता तर? पगाराच्या निम्म्याऐवजी ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले २०७.९८, त्याचे ३० टक्के. उत्तर येते ५,६१,५४६ रुपये. हा आकडा माहीत नसलेल्या माणसाच्या हातात कोणी पन्नास हजार ठेवून "मिटवून टाकू" म्हटले, तर तो आभार मानून घरी जाईल!

ज्यांचा ईएसआय आहे त्यांची वाट वेगळी. त्यांनी मालकावर भरपाईचा दावा करावयाचा नसतो. पैसे ईएसआयकडून मिळतात. कामावर न जाता आलेल्या दिवसांचे पगाराच्या सुमारे ९० टक्के, कायमचे अपंगत्व आल्यास त्या प्रमाणात जन्मभर दरमहा रक्कम, आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना निवृत्तिवेतनासारखी रक्कम. १ जानेवारी २०१७ पासून या विम्यासाठी पगाराची मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. पिंपरी-चिंचवडकरांसाठी चिंचवडला मोहननगरात या योजनेचे रुग्णालय आहे. नोकरीतल्या इजेसाठी वर्गणी किती महिने भरली हे पाहत नाहीत. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मालकाने नावच नोंदवले नसेल, तरीही निराश होऊ नका. महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून नव्या कामावर गेल्याबरोबर विमा क्रमांक मागून घ्यावा आणि तो घरी लिहून ठेवावा. तो केवळ खिशातल्या मोबाईलमध्ये असला, तर अपघातात मोबाईलबरोबर तोही जातो.

रस्त्यावरच्या अपघातात आणखी एक दार असते, ते मोटार अपघात न्यायाधिकरणाचे. जिथे १९२३ च्या कायद्याखालीही भरपाई मागता येत होती, तिथे दोहोंपैकी एकच दार निवडावे लागे, दोन्हीकडे दावा चालत नसे. चूक दुसऱ्या वाहनाची उघड असेल आणि पगार मोठा असेल, तर न्यायाधिकरणात रक्कम जास्त मिळू शकते; चूक कोणाची हे सिद्ध करता येण्यासारखे नसेल, तर कामगार भरपाईची वाट सोपी. अर्ज करण्यापूर्वी हा विचार जाणत्या वकिलाशी बोलून करावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कामगारांना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळू शकतो.

शेतावर काम करणाऱ्यांनीही हा विषय आपला नाही असे समजू नये. ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्राने शेती करणारा मजूर जुन्या कायद्यातही संरक्षित होता. मळणीयंत्रात हात गेलेला मजूर आणि प्रेसवर बोट गेलेला कामगार, कायद्याने एकाच रांगेत उभे केलेले आहेत.

आता शेवटी, अपघात झाल्यावर करावयाच्या गोष्टी. पहिली, त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करवून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. दुसरी, दवाखान्यात "घरी पडलो" असे सांगू नका. अमुक पाळीला, अमुक यंत्रावर, किंवा कामावर जाताना अमुक ठिकाणी, असे खरे ते सांगा. पहिल्या कागदावर जे लिहिले जाते तेच पुढे कोर्टात बोलते. कित्येकदा सुपरवायझरच "घरी लागलं म्हणून सांग" असे शिकवतो. कामगार भीतीपोटी ऐकतो आणि तिथेच दावा अर्धा हरतो. तिसरी, रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांकडे नोंद आणि पंचनामा झालाच पाहिजे. चौथी, पगाराची पावती, हजेरी, पाळीचे पत्रक, ठेकेदाराचे संदेश, कंपनीचे ओळखपत्र, सगळे एका पिशवीत. पाचवी, मालकाला लेखी कळवा आणि उशीर करू नका. १९२३ च्या कायद्याने दाव्याला दोन वर्षांची मुदत घातली होती. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण माफीवर विसंबून का राहावे?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात अर्ज लिहून घ्यायला माणसे आजही गुरुजींकडे आणि बाईंकडे येतात. चाकणला किंवा पिंपरीला गेलेल्या मुलाचा विमा क्रमांक, कंपनीचे नाव, ठेकेदाराचे नाव आणि पाळीची वेळ, एवढ्या चार गोष्टी घरच्या वहीत लिहून ठेवायला पालकांना सांगा. पालकसभेत पाच मिनिटे लागतील. कोठे आहे विचारले तर "पुण्याकडे कंपनीत आहे" यापलीकडे ज्या आईला काही सांगता येत नाही, तिचा दावा कोण मांडणार?

धाराशिवच्या त्या पहारेकऱ्याच्या बाजूने शेवटी काय उपयोगी पडले? पाळीची वेळ, वाट आणि अंतर. तीनच गोष्टी, पण त्या नोंदलेल्या होत्या, म्हणून बावीस वर्षांनंतरही पुसल्या गेल्या नाहीत. कामाची हद्द आता कायद्याने आपल्या दाराच्या दिशेने पुष्कळ पुढे सरकवली आहे. त्या हद्दीत आपला माणूस होता हे दाखवणारा कागद जपणे, एवढे आपल्या हाती आहे.